मांद्र्याच्या मेजावरचा छोटा पाहुणा

नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा, गव्हाणीपुढील भक्ती, आजाऱ्यांच्या घरी पवित्र कम्युनियन, मुलांचे नाटुकले आणि घरोघरचा फराळ, एवढे सारे आटोपले म्हणजे धर्मगुरूच्या अंगात फारसे त्राण उरत नाही. गेल्या नाताळात माझे सहायक फादर म्हणाले, "चार दिवस कोठेतरी जाऊन या. नववर्षाच्या मिस्सेला परत आलात म्हणजे झाले." त्याच सुमारास मांद्र्याहून आमंत्रण आले होते. आमच्या वसईच्या धर्मग्रामातील एक मुलगी गोव्यात पेडणे तालुक्यातील मांद्रे या गावी दिलेली आहे. नवराबायको नोकरीनिमित्त वसईतच राहतात. नाताळला मात्र सहा वर्षांच्या मुलाला घेऊन गावच्या घरी जातात. घराचे छप्पर नवे केले होते. "फादर, तुम्ही आशीर्वाद द्यायला या," असा त्यांचा आग्रह होता. तेथील धर्मगुरूंची संमती मिळाली, आणि मी कोकण रेल्वेने निघून पहाटे पेडणे स्थानकावर उतरलो.

मांद्रे हे समुद्रकाठचे गाव. दक्षिणेस मोरजी, उत्तरेस हरमल आणि पश्चिमेस अरबी समुद्र. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये एक लहानशी खाडी किनाऱ्याला समांतर वाहते. तिच्यावरील बांबूच्या साकवावरून पलीकडे गेले म्हणजे वाळूच्या टेकड्या लागतात. त्यांवर मर्यादवेल पसरलेली असते, मधून मधून सुरूची झाडे, आणि मग मोकळी पुळण. पूर्वी बार्देशातून इकडे यावयाचे तर शापोरा नदी तरीने ओलांडावी लागे. आता शिवोली आणि चोपडे यांना जोडणारा पूल आहे. शिवाय याच तालुक्यात मोपा येथे २०२३ च्या जानेवारीपासून विमाने ये-जा करू लागली आहेत. त्यामुळे मुंबईची, आखाती देशांतली आणि विलायतेतली मुलेनातवंडे नाताळात थेट अंगणाशी येऊन उतरतात म्हणाना!

पेडणे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेला तो १७८८ साली. बार्देश आणि सासष्टी हे महाल त्याच्या जवळजवळ अडीचशे वर्षे आधी गेले होते. म्हणून येथे ख्रिस्ती घरे थोडी आणि हिंदू शेजार मोठा. मराठी येथे परकी वाटत नाही. चवथीला शेजारच्या हिंदू घरातून नेवऱ्यांचे ताट येते, आणि नाताळात ख्रिस्ती घरातून गोडधोडाचे ताट शेजारी जाते. या ताटाला गोव्यात 'कोनसुवाद' म्हणतात. ज्या गावात अन्नाचे ताट हेच शेजारधर्माचे पत्र आहे, तेथे कोणी ताट नाकारले तर त्याचा अर्थ किती खोल जात असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. माझी आजची हकीकत अशाच एका नाकारलेल्या ताटाची आहे.

नाताळनंतरचा रविवार होता. ख्रिस्तसभा त्या दिवशी पवित्र कुटुंबाचा सण पाळते. मिस्सेनंतर घराला आशीर्वाद दिला आणि दुपारी वीस-बावीस माणसे जेवावयास बसली. पांढऱ्याशुभ्र चादरीने झाकलेल्या त्या लांब मेजावर काय नव्हते? सोरपोतेल होते, कोंबडीची शाकुती होती, तळलेला इसवण होता, सान्नां होती. उकड्या तांदळाचा भात होता, कोलंबीचे कालवण होते. एका बाजूला बेबिंका, दोदोल, नेवऱ्या आणि कुलकुल. घरची वडीलधारी बाई, जिला सारे 'मांय' म्हणतात, ती पंच्याहत्तरी उलटलेली. पण तीन दिवस तिने चुलीपाशी काढले होते. सोरपोतेल तर नाताळच्या आधीच करून ठेवलेले आणि रोज गरम करून मुरविलेले. जाणकार सांगतात की ते जितके मुरते तितके चढते.

आणि या सर्वांच्या मध्ये तो सहा वर्षांचा मुलगा तोंड घट्ट मिटून बसला होता.

वसईच्या घरी हा मुलगा पांढरा भात, पातळ वरण, उकडलेले अंडे, केळे आणि तळलेले पापलेट एवढेच खातो. "भात तरी खाईल," असे सर्वांनी गृहीत धरले होते. पण उकड्या तांदळाचा तो जाड, तांबूस भात त्याच्या ओळखीचा भातच नव्हता! आपण मोठी माणसे म्हणतो, भात तो भात. मुलाच्या जिभेला तसे वाटत नाही. त्याला तीन-चार दिवसांत नवे घर, नवी माणसे, नवी बोली, नवा बिछाना आणि नवा वास, एवढे सारे गिळावे लागले होते. ताटातले तेवढे गिळणे बाकी होते.

मग आपल्याकडे जे होते तेच झाले. एक आत्या म्हणाली, "आमच्या पोराने बघा कसे सगळे खाल्ले!" एका काकांनी सांगितले, "खा, नाहीतर उंची वाढायची नाही." वडिलांनी डोळे वटारले. मांयने प्रेमाने त्याच्या ताटात सोरपोतेलाचा डाव वाढला आणि म्हणाली, "जेव पुता, जेव! खास तुजे खातीर केलां." सर्वांची दृष्टी त्या एवढ्याशा तोंडावर खिळली. आणि येथे मला माझाच अपराध सांगावयाचा आहे. मी धर्मगुरू, पाहुण्यांत मानाचा; मला वाटले, आपला शब्द उपयोगी पडेल. मी हसून म्हणालो, "चांगली मुले सगळे खातात. येशूबाळ बघतोय हं!"

बिचाऱ्याने माझ्याकडे पाहिले, डोळे मिटले आणि घास तोंडात घातला. पुढच्याच क्षणी तो घास आणि त्याबरोबर सकाळचे दूध त्या शुभ्र चादरीवर आले.

वडिलांचा हात उगारला गेला. तो शेजारच्या भावाने धरला. आई मुलाला उचलून आत गेली. मांय एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात जाऊन बसली, ती जेवावयास आलीच नाही. पाहुणे मुकाट्याने उठले. पवित्र कुटुंबाच्या सणाच्या दिवशी, नुकताच आशीर्वाद दिलेल्या घरात, सायंकाळपर्यंत कोणी कोणाशी बोलेना. तिन्हीसांजेला सून माझ्याकडे येऊन डोळे पुसत म्हणाली, "फादर, आम्ही उद्याच्या गाडीने परत जातो. मांयना वाटते मी मुलाला मुद्दाम असे वाढवले आहे. पुन्हा नाताळला इकडे यायचे की नाही, हेच आता ठरवायला हवे."

वाचकहो, एका घासापायी आजी आणि नातू यांच्यात दरी पडण्याची वेळ आली होती. त्यात माझ्या शब्दाचा वाटा होता, ही टोचणी मला स्वस्थ बसू देईना.

रात्री तेर्स झाल्यावर मी बलकांवात मांयजवळ जाऊन बसलो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फादर, मी काय विष वाढले होते?" आणि हळूहळू तिने आपले लहानपण सांगितले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्यापूर्वी काही वर्षे भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. पेडण्याची सीमा सावंतवाडीला लागून. पलीकडून येणारा माल थांबला. मांय तेव्हा पाच-सहा वर्षांची. घरात सात भावंडे. सकाळी पेज, दुपारी पेज, बरोबर मिठाची कैरी किंवा सुक्या बांगड्याचा तुकडा, आणि तोही वाटून. "ताटात शीत राहिले तर आई आम्हांला उठू देत नसे," ती म्हणाली. "आता देवाने सर्व दिले. आणि माझ्या हातचे माझा नातू तोंडातून टाकतो. त्याने जेवण नाकारले नाही फादर, मला नाकारले."

तेव्हा मला उमगले की मेजावर दोन भुका समोरासमोर बसल्या होत्या. आजीच्या आठवणीत जुनी भूक होती, आणि नातवाच्या पोटात नव्याची भीती. दोघेही खरे होते, दोघेही दुखावले होते.

मी तिला माझी गोष्ट सांगितली. मी सातेक वर्षांचा असताना आमच्या घरी कारल्याची भाजी झाली. मी खाईना. "हे संपल्याखेरीज उठायचे नाही," असा हुकूम झाला. मी दिवेलागणीपर्यंत त्या ताटापुढे बसून राहिलो. शेवटी थंडगार कारले रडत रडत गिळले. जिंकले कोण? पुढे सेमिनरीत पुढ्यात येईल ते खावयास मी शिकलो, आणि ती शिस्त मला उपकारकच झाली. पण कारल्याचा घास आजही माझ्या घशाशी अडतो. ती भाजी मी जन्मात चारदोनदाच चाखली असेल, परंतु ती दुपार हजारदा आठवली आहे. मग त्या मुलाला मी पुन्हा त्याच ताटापुढे का बसविले?

वडीलधारी माणसे अशा वेळी शुभवर्तमानाचा आधार देतात. प्रभूने शिष्यांना पाठविताना पुढ्यात वाढले जाईल ते खाण्यास सांगितले, हे लूकच्या दहाव्या अध्यायात आहेच. पण ही आज्ञा कोणाला होती? परक्यांच्या घरी सुवार्ता घेऊन जाणाऱ्या बहात्तर प्रौढ शिष्यांना. पाहुण्याने यजमानाचा मान राखावा, असा तिचा अर्थ. यजमानांनी सहा वर्षांच्या पाहुण्याचे तोंड उघडून घास कोंबावा, असा अर्थ तिच्यातून कोणी काढू नये.

उलट प्रेषितांची कृत्ये उघडून दहावा अध्याय वाचावा. संत पेत्र यापो येथे समुद्राकाठी, कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. दुपारची वेळ, तो गच्चीवर प्रार्थनेस गेला आणि त्याला भूक लागली. तेव्हा आकाशातून एक मोठी चादर उतरताना त्याने पाहिली. तिच्यात तऱ्हेतऱ्हेचे प्राणी होते, आणि त्याला खाण्याची आज्ञा झाली. पेत्राने काय केले? तो साफ नाही म्हणाला! आपण असले काही कधी खाल्ले नाही, असे त्याने थेट स्वर्गाला ऐकविले. प्रेषितांमध्ये जो प्रमुख, तोही अनोळखी ताटापुढे तोंड मिटून बसला. आणि देवाने काय केले? त्याच्यावर आग पाठविली नाही, त्याच्या तोंडात काही कोंबले नाही. ती चादर तीनदा दाखविली आणि वर नेली. या दर्शनाचा मूळ अर्थ अन्नाविषयी नसून माणसांविषयी आहे, हे खरे. परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी पेत्राने जावे, त्याला परका मानू नये, यासाठी ते होते. पण म्हणूनच ते आपल्या कामाचे आहे. देवाला पेत्राने त्या घराच्या उंबऱ्यातून आत यावयास हवे होते. मेज असते ते माणसे जवळ यावीत म्हणून. ज्या मेजामुळे मूल आजीपासून दूर पळते, त्या मेजावर पक्वान्ने कितीही असोत, त्याचे काम फसले.

मांय हे ऐकून प्रथमच हसली. "संत पेद्रूसुद्धा?" तिने विचारले. "संत पेत्रसुद्धा," मी म्हणालो. आणि ती उठून जेवावयास गेली.

सून दुसऱ्या दिवशीची गाडी धरणार होती, ती राहिली. सकाळी आम्ही पाचजण बसलो. मांय, तिचा मुलगा, सून, आत्या आणि मी. आधुनिक विद्या या बाबतीत काय सांगते, तेही मी त्यांना सांगितले; कारण यात केवळ लाड आणि शिस्त एवढाच प्रश्न नाही.

साधारण दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान मुलांना अनोळखी अन्नाचे भय वाटते, ही निसर्गाचीच योजना दिसते. चालू लागलेले मूल हाताला लागेल ते पान-फळ तोंडात घालू लागले तर विषबाधा होईल. म्हणून जीभ सावध होते. कडू चव तर मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक तीव्रतेने लागते. मूल खोटे बोलत नसते, त्याला खरोखरच तसे लागत असते. अमेरिकेत लीन बर्च या संशोधिकेने आपल्या सहकारिणीबरोबर १९८२ साली दाखविले की दोन वर्षांच्या मुलांनी एखादे नवे फळ किंवा चीज जितक्या अधिक वेळा चाखले, तितके ते त्यांना अधिक आवडू लागले. एकदोनदा पुरत नाही. आठ, दहा, पंधरा वेळाही लागतात. आपण मात्र दुसऱ्यांदा नाकारल्यावर "याला हे आवडतच नाही" असा शिक्का मारतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात मुलांना सूप दिले. कधी "सूप संपव" असा तगादा लावला, कधी काहीच म्हटले नाही. तगादा नसताना मुले अधिक प्यायली, आणि त्यांनी कुरकूरही फार कमी केली. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी याचे सार सोप्या शब्दांत मांडले आहे. काय वाढावयाचे, केव्हा आणि कोठे, हे आईबापांनी ठरवावे. खावयाचे की नाही आणि किती, हे मुलाने.

आत्याला हे पटेना. "म्हणजे पोराच्या तालावर नाचायचे?" ती म्हणाली. मुळीच नाही. मुलासाठी निराळा स्वयंपाक करावयाचा नाही, आणि तो म्हणेल तेव्हा बिस्किटाचा पुडाही फोडावयाचा नाही. शिस्त राहतेच, फक्त ती आपल्या कामापुरती राहते, मुलाच्या घशात उतरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावर मात्र आत्याही विचारात पडली. सोरपोतेलाला ज्या मिरचीचा रंग, ती मिरची या देशाची नव्हेच. ती, काजू आणि बटाटा ही सारी अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर सोळाव्या शतकापासून इकडे आली. आज पेडणे तालुक्यातील हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, इतकी ती आपली झाली. पण कोणे एके काळी याच किनाऱ्यावर कोणा आजीने ती प्रथम जिभेला लावून थुंकली नसेल काय?

मग त्या घरात नवी रीत सुरू झाली. मेजावर रोज एक पदार्थ त्याच्या ओळखीचा असावा, असे ठरले. उंड्याचा पाव, केळे किंवा उकडलेले अंडे, जे सर्वांसाठी असेल आणि त्यालाही चालेल. नवा पदार्थ वाढावयाचा तो करंगळीच्या पेराएवढा. आणि तो तसाच राहिला तरी कोणी काही म्हणावयाचे नाही. त्याच्या खाण्याविषयी मेजावर चकार शब्द काढावयाचा नाही; निंदाही नको आणि "शाब्बास" असा गजरही नको. पाहुणे येण्याआधी त्यांना हे सांगून ठेवावयाचे काम वडिलांनी पत्करले. कुलकुल आणि नेवऱ्यांचे डबे दिवसभर उघडे असत, ते मांयने फडताळात ठेवले. कारण सरबत आणि गोडाने पोट भरलेले मूल जेवावयास बसते ते भुकेवाचून. "सोरपोतेल खाल्लेस तर बेबिंका मिळेल," असली लाच देण्याचेही बंद झाले. अशा सौद्यातून मूल एवढेच शिकते की सोरपोतेल ही शिक्षा आहे आणि बेबिंका हे बक्षीस.

मुलाकडून मात्र एका गोष्टीची अपेक्षा ठेवली. पोटावर त्याचा अधिकार, पण जिभेवर सभ्यता हवी. "शी!" म्हणावयाचे नाही, नाक मुरडावयाचे नाही. नको असेल तर म्हणावयाचे, "नको मांय, देव बरें करूं." गोव्यात आभार मानण्याचे हे शब्द. सहा वर्षांच्या मुलाने आजीच्या कष्टांचा मान राखणे हे त्याच्याकडून मागता येते. तिने केलेले सर्व आवडून घेणे हे कोणाकडूनच मागता येत नाही.

सोमवारी मांय माझ्यासाठी बेबिंका करावयास बसली. नारळाचा दाट रस, अंड्यांचा बलक, साखर, पीठ आणि तूप. एक थर ओतावयाचा, वर निखाऱ्यांची धग द्यावयाची, तो तांबूस झाला की तूप सोडून दुसरा. मुलगा उंबऱ्यात उभा राहून पाहत होता. मांयने त्याला पाटावर बसविले आणि थर मोजावयाचे काम दिले. तिसऱ्या थराला तो कंटाळून म्हणाला, "सगळे एकदम ओत ना!" ती म्हणाली, "एकदम ओतले तर पुता, बेबिंका व्हायची नाही. पहिला बसल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही." असे म्हणून ती क्षणभर थांबली आणि माझ्याकडे पाहून हसली. तिला जे समजले ते माझ्या सर्व सांगण्यापेक्षा अधिक होते.

मंगळवारी माझ्या निरोपाचे जेवण. सान्नांचे पीठ आंबले होते. माडाची सूर काढणारे आता दुर्मीळ झाले, म्हणून यीस्ट घालून; त्याची मांयला खंत. वाट्यांत पीठ घालण्याचे काम नातवाकडे आले. चार वाट्या ओसंडल्या, एक लवंडली, कोणी रागावले नाही. वाफेतून निघालेली ती पांढरी, फुगलेली सान्नां त्याने स्वतः मेजावर आणली. "ही माझी आहेत," तो सर्वांना सांगत होता.

वाचकांना वाटेल, आता त्याने सोरपोतेलावर ताव मारला असेल. तसे काही झाले नाही. त्याने एक सान्न नारळाच्या रसात गूळ घालून खाल्ले, दुसरे अर्धे खाल्ले. मांयने सोरपोतेलाचे भांडे पुढे केले तेव्हा तो म्हणाला, "नको मांय, देव बरें करूं." मांय "बरें" म्हणून पुढे गेली. थोड्या वेळाने, कोणी पाहत नाही असे समजून, त्याने उरलेल्या सान्नाचे टोक आईच्या ताटातील रश्श्यात बुडविले, जिभेला लावले, तोंड वेडेवाकडे केले आणि ते ताटाच्या कडेला ठेवले. कोणी काही बोलले नाही. मांयने मात्र पाहिले होते. तो पहिला थर होता.

येथे आईबापांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. सर्वच मुलांचा नकार या प्रकारचा नसतो. मुलाचे वजन घटत असेल किंवा वाढत नसेल, घास गिळताना त्याला ठसका लागत असेल, खाण्याच्या पदार्थांची यादी दिवसेंदिवस आखूड होत असेल, किंवा जेवणाच्या नावानेच ते भयभीत होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. अन्न टाळण्याचा असाही एक आजार असतो, ज्यात मुलाला नुसते समजावून भागत नाही. २०१३ पासून वैद्यकशास्त्राने त्याला स्वतंत्र नाव दिले आहे. तसेच काजू, शेंगदाणे, कोलंबी, अंडे यांची कोणाला ॲलर्जी असू शकते. अशा मुलाची आई "हे देऊ नका" म्हणाली, तर "एवढ्याशाने काय होते?" असे म्हणून तिच्या पाठीमागे भरवू नये. त्या एवढ्याशाने जीव जाऊ शकतो.

मंगळवारी संध्याकाळी मी मुलाचा हात धरून बांबूच्या साकवावरून पुळणीवर गेलो. सूर्य समुद्रात बुडत होता. मी त्याला म्हणालो, "बाळा, त्या दिवशी मी चुकलो. येशूबाळ बघतो ते रागावण्यासाठी नव्हे." त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "येशूबाळाला काय आवडायचे?" मी सांगितले की ते शुभवर्तमानात लिहिलेले नाही, पण मोठा झाल्यावर एकदा पहाटे त्याने किनाऱ्यावर स्वतः निखारे पेटवून आपल्या दमलेल्या मित्रांसाठी मासळी भाजली आणि त्यांना न्याहारीला बोलावले, एवढे लिहिलेले आहे. "पापलेट?" त्याने विचारले. मी म्हणालो, "असेलही."

त्याच तळ्याकाठच्या न्याहारीची मला परतीच्या प्रवासात पुन्हा पुन्हा आठवण येत होती. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले होते. त्याला पुन्हा जवळ आणताना प्रभूने प्रथम काही विचारले नाही. प्रथम जेवू घातले. आणि उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ आठवा. घरात मेजवानी चालू आहे, आणि हा रुसून बाहेर उभा. बाप त्याला दंडाला धरून आत ओढीत नाही. तो स्वतः बाहेर येतो आणि त्याची विनवणी करतो. तो भाऊ शेवटी आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेच नाही. बापाचे दार उघडे होते, एवढेच आपल्याला कळते.

आपल्या घरांत वर्षभर मेजवान्या येतील. ईस्टर येईल, गावचा सण येईल, लग्ने येतील. वसईकडे फुगे आणि इंदयाल होईल, गोव्याकडे सान्नां आणि सोरपोतेल. मेजाच्या एका कोपऱ्यात कोणते तरी लहान मूल तोंड मिटून बसेल. मायबापहो आणि आजीआजोबांनो, त्या वेळी त्याच्या ताटात ओळखीचा एक घास ठेवा, अनोळखी एक कण ठेवा, आणि मग ताटाकडे न पाहता त्याच्याशी बोला. मी वसईला परतल्यावर मुलाच्या आईचा फोन आला. पुढच्या नाताळची तिकिटे कधी काढायची, असे तो आताच विचारतो आहे. मांयने त्याला सांगितले आहे, या वेळी बेबिंकेचे सात थर त्यानेच मोजावयाचे.